मुळांचा कोन मोजायचा कसा?

प्रश्न: भाताची कोणती वाणं दुष्काळात तग धरतात हे बघायला मुळांचे कोन मोजतेय. काल तीन तास चाळणीवर माती धुतली. केसासारखी मुळं पाण्याबरोबर गेली, हातात उरला ओला झुबका. आता कोन कशाचा मोजू?

उत्तर १: ढेकूळ रात्रभर भिजवा, फवारा मारू नका. पण धुतल्यावर मुळं लोळतातच, कोन गेला म्हणून समजा.

उत्तर २: जाळीच्या टोपलीत रोप लावा. तळातून किती मुळं बाहेर आली (ती खोल जाणारी) नि कडेने किती (ती उथळ), तेवढं मोजा. मुळांचा कोन ठरवणारं डीआरओ१ जनुक अशाच टोपल्यांमधून सापडलं. ते उथळ मुळांच्या आयआर६४ या भाताच्या वाणात आणल्यावर मुळं खोल गेली, दुष्काळात उत्पादनही वाढलं (२०१३).

प्रश्नकर्ती: टोपली! हे आधी का नाही सुचलं? पण स्फुरद (फॉस्फरस) तर मातीच्या वरच्या थरात असतं ना?

उत्तर २: हो, तिथे उथळ मुळंच सरस. तुमचा ताण पाण्याचा की स्फुरदाचा, ते आधी ठरवा.