खरेदी रजिस्टरवरून ईआरपीवर जायचंय, सुरुवात कुठून?

प्रश्न: फॅब्रिकेशन युनिट, 140 सप्लायर, साधारण 2,000 आयटम. इंडेंट (मालाची अंतर्गत मागणी) कागदावर, पीओ (खरेदी ऑर्डर) एक्सेलमध्ये, बिलं टॅलीत. 1 एप्रिलपासून सगळं ईआरपीनेक्स्टवर (खरेदी, स्टॉक, हिशोब एकत्र ठेवणारं ईआरपी सॉफ्टवेअर) न्यायचंय. आधी काय भरायचं?

उत्तर 1: आयटम मास्टर (सगळ्या आयटमची कोडसह मूळ यादी), आणि तोही स्टोअरकीपरला शेजारी बसवून. ‘बोल्ट एम12 50’ आणि ‘एमएस बोल्ट 12×50’ असे दोन कोड पडले की रॅकवर माल असूनही नवी पीओ निघते. दुसरा घोळ युनिटचा. प्लेट किलोवर येते, स्टोअरमधून कामासाठी इश्यू होते नगावर. 8 मिमीची 2500×1250 प्लेट म्हणजे 196.25 किलो. स्टॉक किलोत ठेवा आणि नगासाठी हाच कन्व्हर्जन फॅक्टर (एका नगाचे किलो) भरा. तो राहून 1 पडला, तर अख्खी प्लेट देऊन स्टॉकमधून एकच किलो वजा होतो!

उत्तर 2: जुन्या पीओ पूर्ण नगांनी चढवू नका, फक्त बाकी नग चढवा. 31 मार्चपर्यंत आलेला पण बिल न आलेला माल वेगळ्या यादीत हवा, नाहीतर तो दोनदा जमा होतो. बिल, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि पीओ जुळवताना रकमेत थोडा फरक चालेल असं ठेवा; शून्य ठेवलात तर राउंड-ऑफच्या पैशांसाठी बिलं अडकतील.

उत्तर 3: सप्लायर मास्टरमध्ये जीएसटीआयएनसोबत उद्यम क्रमांकही (एमएसएमई नोंदणीचा) घ्या. सूक्ष्म-लघु उत्पादकांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत माल स्वीकारल्यापासून धावते, बिलाच्या तारखेपासून नाही. म्हणून जीआरएन त्याच दिवशी, गेटवरच. शनिवारी एकदम आठवड्याचे जीआरएन टाकायची सवय इथे महागात पडते.