मोबाईलला नेट येतं, टीव्हीला येतं, फक्त लॅपटॉपला "नो इंटरनेट" (अर्जंट आहे)

हिशोबी_ताई
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येते. घरी कराडला फायबरचं कनेक्शन आहे, जुना राऊटर सारखा मान टाकायचा म्हणून परवा माणूस येऊन नवीन बसवून गेला, जुना घेऊन गेला. जाताना म्हणाला मॅडम नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवलाय, तुम्हाला कशातच काही बदलायला नको. आणि खरंच मोबाईल आपोआप जोडले गेले, टीव्ही चालू झाला, सासूबाईंची सिरीयल सुरू, सगळे खूश. फक्त माझा लॅपटॉप, विंडोज ११ आहे, वायफायला कनेक्ट होतो, सिग्नलच्या कांड्या पूर्ण असतात, पण खाली "नो इंटरनेट, सिक्युअर्ड" आणि काही म्हणजे काही उघडत नाही. मोबाईलचा हॉटस्पॉट लावला की मात्र व्यवस्थित चालतो, म्हणजे लॅपटॉप बिघडलाय असंही म्हणवत नाही. कस्टमर केअरला फोन केला तर "तुमच्याकडे नेट येतंय, प्रॉब्लेम लॅपटॉपचा आहे" म्हणून ठेवून दिला. २० तारखेच्या आत सगळ्या क्लायंटची जीएसटीची थ्री-बी रिटर्न भरायचीत आणि हॉटस्पॉटवर पोर्टल रडतंय. कोणी सांगेल का काय करू?

पिठलंभाकर
राऊटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा, लॅपटॉप पण रिस्टार्ट. नाहीच झालं तर वायफायचं नाव फर्गेट करून परत पासवर्ड टाका. माझं दर वेळी एवढ्यातच होतं.

हिशोबी_ताई
रिस्टार्ट सगळं करून झालं हो. फर्गेट करायला धीर होत नाहीये कारण पासवर्ड जुन्या राऊटरच्या मागच्या स्टिकरवर होता, आणि तो राऊटर गेला. मी कधी पाठ केलाच नाही.

निवांत
व्हायरस असेल किंवा विंडोज करप्ट. सरळ फॉरमॅट मारा, एका तासात नवं कोरं. मी वर्षातून दोनदा मारतो.

तारवाला
ताई फॉरमॅट अजिबात मारू नका, निवांतरावांचं वेगळं आहे, त्यांच्या लॅपटॉपमध्ये टॅली नाहीये 😀

आधी कुठे तुटतंय ते बघू. वायफाय कनेक्ट होणं आणि नेट येणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव आणि पासवर्ड जुळला की लॅपटॉप राऊटरला जोडला जातो, कांड्या त्याच्याच दिसतात. त्यानंतर लॅपटॉपला घरातला एक आयपी पत्ता लागतो, मग बाहेरचा रस्ता म्हणजे गेटवे, मग नावावरून साईट शोधून देणारा डीएनएस. हॉटस्पॉटवर चालतंय म्हणजे वायफाय कार्ड, ड्रायव्हर, ब्राऊझर हे सगळं ठीक आहे. मोबाईल-टीव्ही चालतायत म्हणजे राऊटर आणि बाहेरची लाईन ठीक आहे. राहिलं ते फक्त तुमचा लॅपटॉप आणि हा राऊटर ह्यांच्यातलं बोलणं.

हॉटस्पॉट बंद करून घरच्या वायफायवर या. स्टार्टमध्ये "सीएमडी" शोधा, काळी खिडकी उघडेल, त्यात "आयपीकॉन्फिग", मग स्पेस, मग "/ऑल" टाईप करून एंटर. (कमांड अर्थातच इंग्रजीत टाका, मी मराठी कीबोर्डवरून लिहितोय.) वायरलेस वायफायवाल्या भागातलं आयपीव्ही४ ॲड्रेस, डिफॉल्ट गेटवे आणि "डीएचसीपी एनेबल्ड" समोर काय आहे तेवढं इथे लिहा. फिजिकल ॲड्रेस (वायफाय कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, मॅक) लिहू नका, त्याची इथे गरज नाही. मग मोबाईलमध्ये वायफायच्या नावावर टॅप करून त्याचा आयपी आणि गेटवे बघा. आणि एक विचारायचं राहिलं, राऊटर बदलल्यापासून घरातलं अजून काही बंद पडलंय का?

वसईचा_वारा
धागा हायजॅक करतोय त्याबद्दल सॉरी पण माझंही नवीन राऊटरपासूनच सुरू झालंय, फरक एवढाच की माझ्या जुन्या लॅपटॉपला वायफायचं नावच दिसत नाही. शेजाऱ्यांची सगळी दिसतात, आमचंच नाही. मोबाईलला दिसतंय.

हिशोबी_ताई
तारवाला दादा, केलं. लॅपटॉपवर आयपी १९२.१६८.०.५०, गेटवे १९२.१६८.०.१, डीएचसीपी एनेबल्ड समोर "नो". मोबाईलवर आयपी १९२.१६८.१.७ आणि गेटवे १९२.१६८.१.१.
आणि हो, प्रिंटर पण बंद आहे! मोठा स्कॅनरवाला आहे तो, स्कॅन केलं की थेट लॅपटॉपच्या फोल्डरमध्ये यायचं. तो वेगळा प्रॉब्लेम असेल म्हणून त्याच्याकडे अजून बघितलंच नव्हतं.

तारवाला
सापडलं. आता फक्त खात्री करायला काळ्या खिडकीत "पिंग १९२.१६८.१.१" करा, म्हणजे राऊटर हाकेला ओ देतो का ते कळेल. माझा अंदाज असा की उत्तर येईल "रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.०.५०, डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल". नीट बघा, रिप्लाय तुमच्याच लॅपटॉपच्या पत्त्यावरून येतोय, राऊटरवरून नाही. म्हणजे लॅपटॉप स्वतःच स्वतःला सांगतोय की मला पुढचा रस्ता सापडत नाही.

झालंय असं. तुमचा जुना राऊटर १९२.१६८.०.१ वर बसायचा, नवीन १९२.१६८.१.१ वर बसतो. तिसरा आकडा बदलला. घरात सबनेट मास्क साधारण २५५.२५५.२५५.० असतो, त्यात पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे असावे लागतात तरच एकमेकांशी बोलता येतं. मोबाईल आणि टीव्ही दर वेळी राऊटरला विचारतात "मला पत्ता दे", ते डीएचसीपी, म्हणून त्यांना नवा पत्ता मिळाला आणि त्यांना काही कळलंच नाही. तुमच्या लॅपटॉपला मात्र कोणीतरी पूर्वी हाताने पक्का पत्ता टाकून ठेवलाय, बहुतेक त्या स्कॅनरसाठीच, कारण स्कॅनरला फाईल कुठे टाकायची ते कायमचं सांगावं लागतं. एसटी स्टँड दुसरीकडे हलवला, बोर्ड तोच लावला आणि लॅपटॉप अजून जुन्या फलाटावर पिशवी घेऊन उभा आहे असं समजा. नाव-पासवर्ड जुनाच ठेवल्यामुळेच हे लक्षात येत नाही. नाव नवीन असतं तर विंडोजने त्याला नवीन नेटवर्क समजून स्वतःच पत्ता मागून घेतला असता.

उपाय: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, तिथे तुमच्या नेटवर्कच्या नावाच्या प्रॉपर्टीज. खाली "आयपी असाइनमेंट" समोर "मॅन्युअल" दिसेल. एडिट करून "ऑटोमॅटिक (डीएचसीपी)" करा आणि सेव्ह. त्याच्याखाली डीएनएस पण मॅन्युअल असेल तर तेही ऑटोमॅटिक. विंडोज ११ मध्ये हे सेटिंग त्या त्या वायफायच्या नावापुरतं असतं, म्हणून तुमचा हॉटस्पॉट बिनबोभाट चालत होता. जुन्या पद्धतीने कंट्रोल पॅनेलमधून ॲडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये बघणाऱ्याला तिथे सगळं ऑटोमॅटिक दिसू शकतं आणि तो चक्रावतो, त्यामुळे कोणी बघायला आलं तर आधी इथे बघायला सांगा.

पासवर्डची काळजी नको, ज्या मोबाईलला वायफाय चालू आहे त्यात शेअरचं बटण असतं, क्यूआर येतो आणि बऱ्याच फोनमध्ये त्याच्याखाली पासवर्ड पण लिहिलेला असतो. एकदा डायरीत उतरवून ठेवा.

वसईकर, तुमचं वेगळं आहे, रात्री लिहितो.

गल्लीतला_टेक्निशियन
तारवाला बरोबर आहे पण एवढं कशाला, राऊटरच्या पेजवर जाऊन त्याचाच पत्ता १९२.१६८.०.१ करून टाकायचा, डीएचसीपीची रेंज पण ०.१०० पासून पुढे द्यायची, लॅपटॉप प्रिंटर सगळं एका फटक्यात जाग्यावर. मी दुकानांमधून हेच करतो, तिथे बिलिंग मशीन, कॅमेऱ्याचा डीव्हीआर सगळ्यांचे पत्ते पक्के असतात, एकेकाला कुठे बदलत बसणार.

तारवाला
दुकानात दहा वस्तू पक्क्या पत्त्यावर असतील तर मीही हेच करेन. इथे दोनच आहेत. आणि फायबरवाल्यांनी दिलेल्या बऱ्याच डब्यांचा ॲडमिन पासवर्ड ग्राहकाकडे नसतो, असला तरी उद्या कोणी डबा रिसेट केला की परत १.१ आणि परत हाच धागा. लॅपटॉप ऑटोमॅटिकवर असलेला बरा, ताई तो घेऊन क्लायंटकडे पण जात असतील.

हिशोबी_ताई
चाललं!!! ऑटोमॅटिक केलं आणि दोन सेकंदात नेट आलं. पिंगचं पण तुम्ही म्हणालात तसंच आलं होतं, अक्षरशः तेच वाक्य. पत्ता भाच्याने टाकला असणार, प्रिंटर त्यानेच बसवला होता, आता तो कॅनडात आहे. आता प्रिंटरचं काय करू? पोर्टल तरी उघडलं, आधी दोन रिटर्न भरून घेते.

तारवाला
रिटर्न आधी, बरोबर.

प्रिंटरच्या स्क्रीनवर नेटवर्क मेनूत जाऊन आयपी मॅन्युअलचा ऑटो करा, बंद करून चालू करा, त्याला पण १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता मिळेल. लॅपटॉपवरून तरीही प्रिंट गेली नाही तर घाबरू नका, विंडोजमध्ये प्रिंटरच्या पोर्टला जुना आयपी चिकटलेला असतो, प्रिंटर काढून टाकून परत ॲड करा.

स्कॅनसाठी प्रिंटरच्या ॲड्रेस बुकमध्ये लॅपटॉपचा ०.५० हा पत्ता लिहिलेला असणार, तो बदलावा लागेल. पण आता लॅपटॉपचा पत्ता ऑटोमॅटिक, म्हणजे कधीतरी बदलू शकतो. ॲडमिन पासवर्ड मिळाला तर राऊटरमध्येच त्या लॅपटॉपसाठी एक पत्ता राखून ठेवा, कुठे त्याला ॲड्रेस रिझर्वेशन म्हणतात, कुठे स्टॅटिक डीएचसीपी, कुठे आयपी-मॅक बाइंडिंग. मागाशी जो फिजिकल ॲड्रेस लिहू नका म्हटलं तो तिथे द्यायचा. विंडोजमध्ये "रँडम हार्डवेअर ॲड्रेस" ऑफ आहे ना तेवढं बघा, नाहीतर लॅपटॉप वेगळाच चेहरा घेऊन राऊटरकडे जातो आणि राखीव जागा दुसऱ्याच्या नावावर राहते. पासवर्ड नाहीच मिळाला तर बऱ्याच प्रिंटरमध्ये आयपीच्या जागी लॅपटॉपचं नाव टाकलं तरी चालतं, ते करून बघा.

वसईचा_वारा
ताईंचं झालं, आता माझ्याकडे बघा की कोणीतरी 🙏

तारवाला
हो हो. तुमच्याकडे दोन शक्यता. जुन्या लॅपटॉपचं कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं असेल आणि राऊटरवर २.४ बंद असेल, किंवा दोन्ही बँडची नावं वेगळी असून तुम्ही ५ वालं शोधत असाल, तर ते त्याला दिसणारच नाही. दुसरी शक्यता जास्त गमतीची. राऊटर वायफाय ६ चा असेल आणि लॅपटॉपमध्ये इंटेलचं जुनं कार्ड जुन्या ड्रायव्हरवर असेल तर ते नाव यादीतच येत नाही. कार्ड चांगलं असतं, फक्त जुन्या ड्रायव्हरला नवीन राऊटरची घोषणा समजत नाही. इंटेलने नंतर ड्रायव्हर सुधारून दिले. मोबाईल यूएसबी केबलने लावून यूएसबी टेदरिंग चालू करा, त्याला वायफाय लागत नाही, आणि ड्रायव्हर अपडेट करा. कार्ड कोणतं ते डिव्हाईस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॅप्टर्सखाली दिसेल.

हिशोबी_ताई
प्रिंट यायला लागली, प्रिंटर काढून परत ॲड केल्यावरच आली. राऊटरचा ॲडमिन पासवर्ड कोणी देईना म्हणून स्कॅनला लॅपटॉपचं नाव टाकलं, पण स्कॅन अजून फेल दाखवतंय.

गल्लीतला_टेक्निशियन
मघाशी ज्या प्रॉपर्टीजमध्ये गेला होतात तिथेच वरती नेटवर्क प्रोफाईल बघा, पब्लिक असणार. पब्लिकवर विंडोज शेअर फोल्डर बाहेरच्यांना दाखवत नाही. प्रायव्हेट करा. घरीच करा फक्त, क्लायंटच्या वायफायवर पब्लिकच राहू द्या.

हिशोबी_ताई
पब्लिकच होतं! प्रायव्हेट केलं, स्कॅन आलं. दोघांचेही खूप आभार. बाकीच्या थ्री-बी आज रात्री संपवते.

वसईचा_वारा
इंटेलचंच निघालं, ड्रायव्हर टाकला, नाव दिसायला लागलं. आता पासवर्ड बरोबर टाकूनही "कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क" म्हणतोय. माझ्याच नशिबात का.

तारवाला
राऊटरची सिक्युरिटी नुसती डब्ल्यूपीए३ वर (वायफायच्या सुरक्षेचा नवा प्रकार) असेल, जुन्या कार्डाला ती झेपत नाही. राऊटरमध्ये डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स्ड करा. ॲडमिन पासवर्ड तुमच्याकडे तरी आहे ना?

वसईचा_वारा
आहे, राऊटर स्वतः विकत घेतलाय. मिक्स्ड केलं, झालं. पिठलंभाकर, तुमच्या दोन मिनिटांच्या रिस्टार्टने माझ्या चार संध्याकाळी खाल्ल्या बरं का.

पिठलंभाकर
माझं अजूनही त्यानेच होतं 😎