देवच काम करणार असेल, तर घरसभेची तयारी किती करायची?

सालोमी_के
सर्वांना सलाम. पुढच्या महिन्यापासून कॉलनीतली बुधवारची घरसभा, म्हणजे घरी भरणारी ख्रिस्ती प्रार्थनासभा, चालवायचं माझ्याकडे येतेय. दहा-बारा जण, तासाभराची सभा. मंडळीतले (चर्चमधले) काही म्हणतात, कागद घेऊन बसू नकोस, बायबलमधल्या मत्तय 10:19 प्रमाणे पवित्र आत्मा ऐनवेळी शब्द देईल. पाळकसाहेब म्हणतात, तयारी कर. देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं आणि काय सोडायचं?

द्राक्षवेल
सालोमीताई, मत्तय 10 मधला तो भाग 17व्या वचनापासून वाचा. शिष्यांना धरून न्यायसभेपुढे, अधिकाऱ्यांपुढे उभं करतील, त्या वेळचं ते आश्वासन आहे. बुधवार कधी येणार हे आपल्याला आठवडाभर आधी ठाऊक असतं. फिलिप्पैकरांस 2:12 आणि 13 मात्र जोडीनं वाचा. देव आपल्यात इच्छा आणि कृती दोन्ही घडवतो, म्हणूनच आपण झटायचं.

मार्कचं शुभवर्तमान सलग घ्या, एका वेळी 10 ते 15 वचनं. दोन दिवस आधी भाग मोठ्यानं वाचा आणि तीनच प्रश्न लिहा: इथं काय घडलं, येशू कसा दिसतो, या आठवड्यात आपण काय करायचं. गाण्यांना 10 मिनिटं, वाचन-चर्चेला 25, प्रार्थनेला 20. प्रश्न विचारल्यावर 15-20 सेकंद गप्प राहा. सभा चालवणारा घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकतो आणि मग लोक तोंड उघडायचं सोडतात. खरा भरवसा त्या शांततेतच लागतो.

बेथानी_घर
देव फक्त सभा चालवणाऱ्याद्वारे काम करतो, असं धरू नका. 1 करिंथकरांस 14:26 मध्ये प्रत्येकाजवळ काहीतरी आहे. वाचन एकाला, गाणी दुसऱ्याला, प्रार्थनेच्या विनंत्यांची वही तिसऱ्याला द्या. वाचणाऱ्याला रविवारीच सांगा, म्हणजे जोडाक्षरांना अडखळणाराही सराव करून येतो. वहीत तारीख, विनंती, उत्तर असे तीन रकाने. घरातलं भांडण, कर्ज, आजाराचं नाव व्हॉट्सॲपवर टाकू नका. एकदा फुटलं की पुढच्या बुधवारपासून सगळ्यांची विनंती "घरच्या सुखशांतीसाठी" एवढीच उरते.

सालोमी_के
फार उपयोग झाला. मोठ्यानं प्रार्थना करायला कोणी तयारच नसेल तर? आणि आजाऱ्यासाठी प्रार्थना केली, पण बरं वाटलं नाही तर?

मळणी
रांगेनं सक्ती करू नका, लाजाळू माणूस यायचाच बंद होतो. "एका वाक्यात आभार माना" म्हणा, एवढं बहुतेकांना जमतं. पंडिता रमाबाईंनी 1905 च्या जानेवारीत केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशन आश्रमात प्रार्थनेसाठी बायका जमवल्या तेव्हा सुमारे 70 होत्या, जूनपर्यंत 550 झाल्या. त्यात आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जाण्याची तयारीही चालू होती, प्रार्थना करून हात बांधून बसणं नव्हतं.

आजाऱ्याकडे दहा-पंधरा मिनिटंच बसा, विचारूनच हात ठेवा. याकोब 5:14 मंडळीच्या वडीलजनांना बोलवायला सांगतो, तेव्हा पाळकांना कळवा. औषध बंद करा असं कोणालाही, कधीही सांगू नका. "विश्वास कमी पडला" हे वाक्य तर आजाऱ्याला आजारापेक्षा जास्त मोडतं. प्रेषित पौलानं विनवूनही त्याच्या शरीरातला काटासुद्धा निघाला नव्हता, 2 करिंथकरांस 12:7-9 पाहा. बरं वाटलं नाही, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जा, आणि जाताना डबा न्या.