वीज गेल्याने अर्धवट राहिलेले पॅकेज ॲप्टने स्वतःच सावरावे का?

उदगीरकर : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या संगणकांवर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे आणि उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. तिथे सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात येते; ते आणण्याचे काम ॲप्ट करते आणि प्रत्यक्ष बसवण्याचे काम डीपीकेजी या साधनाकडून करून घेते. पॅकेज बसत असताना वीज गेली, की पुढच्या वेळी ॲप्ट एकच ओळ दाखवून अडून बसते : डीपीकेजीचे काम मध्येच खंडित झाले आहे, ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही कमांड तुम्हीच चालवा. नेमकी कमांड ज्याला ठाऊक आहे, त्याला ती चालवायला काय हरकत आहे? प्रथम वर्षाचा विद्यार्थी ती ओळ वाचतो, टर्मिनल बंद करतो आणि सरांना हाक मारतो. डीपीकेजी १९९४ सालचे. तेव्हा ते चालवणारा माणूस जाणकारच असे, आज तसे नाही. देखभाल करणाऱ्यांनी पडद्यावरच्या रंगसंगतीआधी या गोष्टीकडे पाहावे, असे माझे मत आहे.

गोदाकाठ, नांदेड : सर, अडचण खरी आहे, पण मागणी धोक्याची आहे. डीपीकेजी आधी फायली उलगडून जागेवर ठेवते आणि मग पॅकेजची मांडणी पूर्ण करणारी स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची तयार यादी, चालवते. वीज या दोहोंच्या मध्ये गेली तर उरलेल्या स्क्रिप्ट ती कमांड पुन्हा चालवते. मात्र सेटिंग्ज ठेवणाऱ्या ‘ईटीसी’ फोल्डरमधली एखादी फाइल आपण हाताने बदललेली असेल आणि नव्या पॅकेजमध्येही तिचे वेगळे रूप आले असेल, तर कोणती ठेवायची हे डीपीकेजी विचारते. उत्तर द्यायला कोणी नसेल, तर ते त्रुटी दाखवून थांबते, आणि थांबावेच. सर्व्हरच्या सेटिंग्जबाबत अंदाजाने निर्णय घेणारे साधन मला नको. शिवाय वीज गेल्यावर डिस्कवरची फाइल व्यवस्था शाबूत आहे का, हे आधी कोणी तरी पाहायला हवे.

हिंगोलीचा : असा प्रश्न बहुतेक पॅकेजांत येतच नाही. या स्क्रिप्ट पुन्हा चालवल्या तरी बिघाड होऊ नये, अशी डेबियनच्या धोरणाचीच अट आहे. मग त्या अटीवर भरवसा का नको?

उदगीरकर : मी गुपचूप दुरुस्ती मागत नाही. ‘ॲप्ट’ ही कमांड २०१४ साली माणसांसाठी आली आणि स्क्रिप्टमध्ये तिचा वापर जपून करा, असा इशारा ती स्वतःच देते. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीने तिची मांडणी आणि रंग बदलले. म्हणजे बदलाची जागा तीच आहे. स्क्रिप्टमध्ये वापरली जाते त्या जुन्या ‘ॲप्ट-गेट’ कमांडला हात लावू नका, ‘ॲप्ट’ने मात्र समोर कोणी बसलेले असेल तेव्हा ‘अर्धवट काम पूर्ण करू का?’ एवढे विचारावे.

गोदाकाठ, नांदेड : प्रश्न विचारण्याला माझा विरोध नाही, पण त्यातले आश्वासन दर वेळी खरे ठरणार नाही. वीज फायली उलगडतानाच गेली असेल, तर पॅकेज ‘अर्धे स्थापित’ अवस्थेत अडकते आणि ते पुन्हा स्थापित करावे लागते. कॉन्फिगर कमांडने ते सुटत नाही. विद्यार्थी ‘हो’ म्हणेल, वेगळीच त्रुटी येईल आणि हाक आपल्यालाच येईल. ‘डीपीकेजी --ऑडिट’ आजही अडकलेली पॅकेजे कारणासह सांगते, फक्त ते कोणाला माहीत नसते. ती यादी त्या ओळीखालीच छापली, तर निम्मे काम होईल.

हिंगोलीचा : यादी इंग्रजीत येणार, आणि मुले तीही वाचणार नाहीत.

उदगीरकर : वाचणार नाहीत, हे मान्य, पण फोनवर मला वाचून तरी दाखवतील, आणि पॅकेजचे नाव कळले की पुढचे मी सांगू शकतो. यादी दाखवा, तिच्याखाली प्रश्न विचारा, आणि पॅकेज पुन्हा स्थापित करणे गरजेचे असेल तिथे प्रश्न न विचारता तसे स्पष्ट सांगा.

गोदाकाठ, नांदेड : एवढे असेल तर माझी हरकत नाही. फक्त नुसते एंटर दाबले तर त्याचा अर्थ ‘नाही’ असाच धरला जावा, हा आग्रह मी सोडणार नाही.