डायपर रोज किती लागतात, हे अर्जात कसं लिहायचं?

चिनूची_आई
नमस्कार. इथं वर्षभर नुसतं वाचतेय, लिहायला आज बसले.

आमचा चिनू ११ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषानं अंगावर ताबा नाही. वजन २४ किलो. भिंतीला टेकवून बसवलं की बसतो, टीव्हीवर ढोलकी वाजली की हात उडवतो. लघवी-संडासचं त्याला सांगता येत नाही. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निळ्या पट्टीचं, म्हणजे ८० टक्क्यांच्या वरचं. आम्ही जत भागात राहतो, मालक टेम्पोवर आहेत.

३ डिसेंबरला, दिव्यांग दिनाला, ग्रामपंचायतीनं दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीतून चिनूला डायपरचं एक पाकीट दिलं. दहा नग. हार घातला, फोटो काढला, गावच्या ग्रुपवर टाकला. दहा नग म्हणजे आमचे अडीच दिवस. सहा तारखेला सकाळी पाकीट संपलं, आणि ग्रुपवर लोक अजून अंगठे टाकत होते.

त्यातून पाकीट लहान बाळांचं, सगळ्यात मोठ्या मापाचं. ते कमरेला कसंबसं चढतं पण मांडीला काचतं. मोठ्या माणसांचं स्मॉल घेतलं तर मांडीशी दोन बोटं फट राहते. कुशीवर वळवलं की त्या फटीतून सगळं गादीत. मी तिथं सासूबाईंच्या जुन्या नऊवारीची घडी खोचते. घडी ओली झाली की जांघेत लाल चट्टा उठतो, आधी नाण्याएवढा, दोन दिवसांत तळहाताएवढा. खोबरेल लावावं तर डायपर ओल धरत नाही.

हिशोब असा: दिवसाला ४, महिन्याला १२०. मोठ्यांचं दहाचं पाकीट आमच्याकडं ३४० ला मिळतं. बारा पाकिटांचे ४०८०. संजय गांधी निराधार योजनेचे आता महिन्याला २५०० येतात, आधी १५०० यायचे. म्हणून मी तीनवर भागवते, महिनाअखेर दोनवर.

सरपंचांना म्हटलं, तात्या, वर्षभराचं बघा की. ते म्हणाले, "वहिनी, किती लागतात ते लिहून द्या, बघू." आता लिहू काय? नुसतं "डायपर मिळावेत" लिहिलं तर पुन्हा एक पाकीट आणि हार. कुणी केलंय का हे? आणि ग्रामसभेत चारचौघांत हे बोलायचं कसं? चिनूला हल्ली कळतं, आपल्याबद्दल चाललंय ते. मान खाली घालतो.

बापू_मिरज
ताई, माझी मुलगी ९ वर्षांची, स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष. आमचं डायपरपेक्षा कॅथेटरचं दुखणं मोठं. दर चार तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते, नाहीतर ती उलटी मूत्रपिंडाकडं चढते. शाळेच्या मधल्या सुट्टीत बायको जाऊन करून येते. कुठं, तर कवायतीचे ढोल ठेवायच्या खोलीत, दाराला पाठ लावून. या मुलांना रबराची ॲलर्जी बऱ्याचदा होते, म्हणून नळी आणि हातमोजे दोन्ही लॅटेक्स नसलेले शोधायचे.

अर्जाचं सांगतो. डायपर हा शब्द एकटा टाकू नका. "वैद्यकीय साहित्य" लिहा, पुढं डायपर, कमरेचं माप, रोजचे नग. हेच आकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पाहिजेत. डॉक्टर "डायपर वापरावा" एवढंच खरडतात आणि आपण खूश होऊन बाहेर येतो. टेबलाशी उभं राहून "रोज ४ नग, कायमस्वरूपी" असं लिहून घ्या, शिक्का मारून.

माझ्या पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही. मग माहिती अधिकार टाकला. जोडपत्र अ, म्हणजे त्याच्या अर्जाचा नमुना, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीन वर्षांत ५ टक्के निधी किती आणि कशावर खर्च. तिसाव्या दिवशी कागद हातात. खर्च कशावर? प्लास्टिकच्या खुर्च्या, "दिव्यांगांसाठी बैठक व्यवस्था". अहो, माझी मुलगी घरातून निघते तीच चाकांच्या खुर्चीत बसून.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २४ अर्जात जरूर टाका. साधनं आणि औषधं मोफत, उत्पन्नाची मर्यादा घालून, असं त्यात आहे. जास्त आधार लागणाऱ्यांना सांभाळणाऱ्याचा भत्ताही आहे. पण कलमानं कारकून हलत नाही, आकड्यानं हलतो.

कोथरूडकर
एक छोटी गोष्ट. सॅनिटरी नॅपकिनवरचा जीएसटी २०१८ मध्येच शून्य झाला. डायपर मात्र २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्क्यांत होते, आता ५. तुमच्या मेडिकलवाल्याकडं पाकिटावर जुनी किंमत असेल तर विचारा.

जुनं_ते_सोनं
रागावू नका, पण आमच्या वेळी कुठं होते डायपर? फडकी धुवायची, वाळवायची, मुलं मोठी झालीच ना. आणि हा सगळा कचरा जातो कुठं?

चिनूची_आई
काका, तुमची मुलं मोठी झाली तशी फडकी सुटली. माझा अकरा वर्षांचा आहे, फडकी सुटायची नाहीत. आमच्याकडं पाऊस लांबला की टँकर. एका दिवसाची फडकी, चादर आणि गोधडी धुवायला सहा घागरी जातात, तेवढ्यात आमचा स्वयंपाक आणि आंघोळी निघतात. कचऱ्याचं म्हणाल तर बरोबर आहे तुमचं. घंटागाडी इथं येत नाही. कागदात गुंडाळून परड्यात खड्ड्यात टाकते, कुत्री उकरतात. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही.

निवृत्त_भाऊसाहेब
ग्रामसेवक म्हणून ३१ वर्षं काढली. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, कपाटाच्या किल्ल्या त्याच.

५ टक्के (पूर्वी ३ होते) हे गावाच्या स्वउत्पन्नाचे. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्याचं भाडं. वित्त आयोगाचा पैसा यात धरत नाहीत. समजा वसुली ६ लाख, तर निधी ३० हजार. गावात दिव्यांग २२. भाऊसाहेब काय करतो? मार्चएंडला भागाकार. माणशी १३६३ रुपये, सह्या घेतल्या, मोकळा. मीही हेच केलंय, खोटं कशाला बोलू. समान वाटलं की कुणी भांडायला येत नाही. पण ज्याला चष्मा लागतो आणि ज्याला रोज चार डायपर लागतात, दोघांना १३६३.

आता चिनूच्या आईचा हिशोब घ्या. ४०८० गुणिले १२, म्हणजे ४८,९६०. अख्ख्या गावच्या निधीपेक्षा १८,९६० जास्त. तुमचे तात्या वाईट नसतील, पेटीच लहान आहे.

म्हणून दोन दारं ठोठवा. पहिलं ग्रामपंचायतीचं, जमेल तेवढ्यासाठी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी लेखी द्या, पोच घ्या. नमुना १, म्हणजे अंदाजपत्रक, त्यात "दिव्यांग वैद्यकीय साहित्य" अशी ओळ पडली तर एप्रिलपासून पैसे निघतात. मार्चमध्ये आलात तर चहा मिळेल. दुसरं दार जिल्हा परिषदेचं. त्यांच्याही स्वउत्पन्नात ५ टक्के असतात, काम समाजकल्याण विभाग बघतो. तिथं एकट्या चिनूसाठी मागू नका. वैयक्तिक लाभाच्या यादीत वस्तूच नसेल तर साहेबाची इच्छा असून उपयोग नाही. "यादीत डायपर आणि कॅथेटर घाला, रोजच्या गरजेप्रमाणे नग द्या" अशी मागणी करा, एका कागदावर तालुक्यातल्या पंधरा-वीस पालकांच्या सह्या घेऊन.

आणि बोलायचं तर आदल्या दिवशीच्या महिला ग्रामसभेत बोला. पुरुष मंडळी कमी असतात, इतिवृत्तात मात्र येतंच.

मेधा_लेस्टर
चिनूच्या आई, माझा मुलगा १३ वर्षांचा, ऑटिझम. इथं इंग्लंडात साधारण पाच वर्षांच्या पुढं एनएचएसकडून, म्हणजे सरकारी आरोग्य सेवेकडून, पॅड फुकट मिळतात, आधी नर्स तपासणी करते. विकत घेतले तरी त्यावर व्हॅट लागत नाही. ऐकायला छान आहे. पण इथंही नग मोजून. भागाभागात फरक आहे, तरी बहुतेक ठिकाणी आकडा तुमचाच, दिवसाला चार. पाचवा मागायचा म्हटलं की पालकांची पत्रापत्री सुरू.

त्या भांडणात मला उपयोगी पडली ती वही. किती वाजता बदललं, किती प्यायला, आणि ओल्या पॅडचं वजन. कोऱ्या पॅडचं वजन वजा करायचं, १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. माझा केकच्या पिठाचा काटा त्यात कामी आला, नंतर नवा आणला. सात दिवस लिहिलं. तेव्हा दिसलं की शाळेच्या दिवशी दुपारी आकडा जवळजवळ शून्य. बाटली दप्तरातच असायची. बदलायला लागू नये म्हणून त्याला कुणी पाणीच विचारत नव्हतं. शाळेशी भांडले, सुधारलं.

तुम्हीही वही करा. "चार लागतात" असं आईनं सांगितलं तर अंदाज वाटतो. सात दिवसांचा तक्ता जोडला तर समोरच्याला खोडायला काहीतरी शोधावं लागतं.

चिनूची_आई
आज २७ जानेवारी. काय झालं ते सांगते.

वही केली. काटा वाण्याचा उसना आणला. कोरं डायपर ९० ग्रॅम भरलं, रात्रीचं ४१०. मेधाताईंचं शाळेचं वाचलं आणि हातातला काटा खाली ठेवला. कारण संध्याकाळी सहानंतर मी चिनूला पाणी देत नव्हते. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप ठरलं होतं. रात्री गादी भिजू नये म्हणून. तो ओठ चाटायचा, मी दिवा मालवायचे. वहीच्या आठवड्यात मागेल तेवढं पाजलं. चार नाही लागले, पाच लागले. अर्जात पाच लिहिलं आणि डॉक्टरांकडून चिठ्ठीवरही पाचच घेतलं.

महिला ग्रामसभेत उभी राहिले. चिनूला घरी ठेवलं होतं. मी वाचलं तसं सगळ्या गप्प. मग वरच्या आळीची एक सून उठली. तिच्या सासूला अर्धांगवायू होऊन दोन वर्षं झाली. म्हणाली, आमच्यात पण हेच आहे, मला वाटलं आमच्यातच आहे. तिच्यामागं अजून दोघी. चार घरं निघाली आमच्या एवढ्याशा गावात, तिघांचं कार्डच काढलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत तात्या म्हणाले, सगळ्यांना एकच माप घेऊ, ठोक स्वस्त पडेल. मी पिशवीतून एक बाळाचं आणि एक मोठ्यांचं काढून टेबलावर ठेवलं, इतिवृत्ताच्या वहीशेजारी. म्हटलं, तात्या, तुमचा सदरा तुमच्या नातवाला बसतो का? लोक हसले, मीही हसले. पण ते डायपर टेबलावरून उचलायला कुणी हात लावेना, माझे मीच उचलले.

ठराव झाला. लिहिणाऱ्यानं "डायफर" लिहिलं, तो शब्द खोडून नीट करून घेतला. चिनूला एप्रिलपासून महिन्याला तीन पाकिटं, त्याच्या मापाची. बाकी तिघांची कार्डं आधी काढायची. पंधरा पाकिटं लागतात, तीन मंजूर. बाराचं काम जिल्हा परिषदेकडं.

त्या कागदावर आत्तापर्यंत सहा सह्या आहेत. बापूदादा, तुमची कॅथेटरची मागणी त्याच कागदावर घालते, शब्द कसे लिहायचे ते कळवा. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडचं कुणी वाचत असेल तर मुलाचं माप आणि रोजचे नग कळवा. आधी सात दिवस वही करा. वाण्याचा काटा चालतो, फक्त कशासाठी नेताय ते त्याला सांगू नका.