घोडीची पाठ आखडते : नियमित फिजिओथेरपीचा उपयोग होतो का? (पाचगणी-वाई परिसर)

मंडळी, नमस्कार. आमची घोडी पाचगणीच्या टेबल लँडवर पर्यटकांना फिरवते. पावसाळ्यात काम जवळजवळ बंद, घोडी बांधूनच. दिवाळीची गर्दी सुरू झाली की एकदम सकाळपासून पाठीवर खोगीर. खाली जांभ्याचा टणक कातळ, वर तऱ्हेतऱ्हेच्या वजनाची माणसं, त्यातले कितीतरी एका अंगाला कलून बसणारे.

यंदा तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) आवळताना ती कान मागे टाकून चावायला येते. पाठीवर हात दाबला की पाठ खाली घालते. डावीकडे वळायला नाखूश असते, पण लंगडत नाही. डॉक्टरांनी खूर आणि दात तपासले, ते ठीक आहेत. पाठीचे स्नायू आखडलेत म्हणाले. औषध चालू असेपर्यंत बरी असते, संपलं की पुन्हा तेच. तिला गोळ्यांवर ओढत न्यायची माझी मुळीच इच्छा नाही. आमचं घर तिच्यावर चालतं आणि तिला दुखतंय हे बघवत नाही.

घोड्याला कॉलरबोन नसतं, पुढचे पाय धडाला नुसत्या स्नायूंनी बांधलेले असतात आणि अंगाचा सुमारे ६० टक्के भार त्यांच्यावरच असतो, असं वाचलं. म्हणजे स्नायू सांभाळणं हेच मोठं काम. शर्यतीच्या घोड्यांना फिजिओथेरपी देतात, तशी कामाच्या घोडीला नियमित दिली तर फरक पडेल का? रोज घरी काय करता येईल? जवळपास कोण बघेल?

प्रतिसाद (कराड) : फरक पडतो, पण धीर हवा. मालिशने आखडलेपण सुटतं. कण्याला धरून ठेवणारे आतले स्नायू मात्र व्यायामानेच बळकट होतात आणि त्याला काही महिने जातात. आधी खोगीर बघा. काम झाल्यावर काढलंत की घामात कुठे कोरडा डाग राहतो का? तिथे दाब पडतोय. तो तसाच राहिला तर मालिश वाया.

घरी गाजर दाखवून मान वळवायला लावा : छातीशी, पुढच्या पायांच्या मधे, मग दोन्ही कुशींकडे. काही सेकंद थांबवायचं, प्रत्येक बाजूला चार-पाच वेळा. ओढायचं नाही, तिची ती वळली पाहिजे. जमिनीवर बांबू आडवे टाकून हातात धरून सावकाश चालवा, पाय उचलताना पोट आणि पाठ दोन्ही कामाला लागतात. पावसाळा सरत आला की रोजची चाल हळूहळू वाढवा, दिवाळीला एकदम भार नको. खोगिरासकट स्वाराचं वजन घोडीच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवा. तीनशे किलोची असेल तर साठ किलो. गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. घाट उतरून वाई, पुढे हायवे. सुरुवात करण्याआधी तिथे एकदा पाठ तपासून घ्या. कण्याचं किंवा सांध्याचं दुखणं असेल तर हे व्यायाम तसेच करायचे नाहीत.

धागाकर्ता : मनापासून आभार. वजनाचं उद्यापासूनच पाळतो. गाजराचा व्यायाम खोगीर चढवण्याआधी की उतरवल्यावर?

प्रतिसाद (कराड) : उतरवल्यावर, अंग गरम असताना. थंड अंगाला ताण देऊ नका. आणि तंग एका झटक्यात आवळू नका, दोन-तीन टप्प्यांत, मधे चार पावलं चालवून.