सायकलस्वार अगदी कडेने का जात नाहीत

सायकलस्वार कर भरत नाहीत, तेव्हा त्यांनी मुकाट्याने रस्त्याच्या कडेने जावे, हे आपले म्हणणे मला पटले नाही. वाहनकर राज्य शासनाकडे जमा होतो. पुण्यातील बहुतेक रस्ते मात्र महापालिका सांभाळते आणि तिच्या तिजोरीत सायकल चालवणाऱ्याच्या घराचा मिळकतकरही पडतोच. (एकेकाळी सायकलीवरही कर होता आणि तो भरल्याचा बिल्ला तिला लावावा लागे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.)

कडेने जाण्याविषयी सांगायचे, तर मी रोज सातारा रस्त्याने सायकलवर कामाला जातो. तिथे कडेची चेंबरची झाकणे चार बोटे खचलेली आहेत, त्यांच्याभोवती खडी साचते, आणि उभ्या मोटारीतील माणसाने आरशात न पाहता दार उघडले की ते थेट गुडघ्यावर येते. गेल्या पावसाळ्यात माझ्या बाबतीत नेमके तेच झाले. म्हणून जाणता सायकलस्वार कडेपासून दोन-तीन हात आत चालवतो आणि मागून येणाऱ्याला ती मुजोरी वाटते. २००६ च्या सुमारास बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठी राखून ठेवलेल्या मार्गिकांबरोबर, याच रस्त्यावर सायकलमार्ग आखले गेले खरे, पण त्यांवर दुचाक्या आणि हातगाड्या उभ्या असतात, आणि चौक आला की मार्गच संपतो. म्हणजे जिथे धोका सर्वाधिक, तिथेच सायकलस्वाराला वाऱ्यावर सोडलेले असते.

रात्री दिव्याविना आणि उलट दिशेने येणाऱ्या सायकलींबद्दलची आपली तक्रार मात्र मला पूर्णपणे मान्य आहे.